पोळी-भाजी केंद्र, डबे किंवा चहाची टपरी सुरू करताय? पुण्यात प्लॅस्टिकबंदी पाळायची तर कुठून सुरुवात करायची

दुकान सुरू होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. दुपारी साडेबाराला, पोळ्यांसाठी रांग लागलेली असताना, तपासणी पथकातले दोघे काउंटरपाशी आले आणि त्यांनी कॅरीबॅगांचा गठ्ठा उचलला. मी अगदी खात्रीने सांगितलं, "साहेब, या १२० मायक्रॉनच्या आहेत, चालतात." जिथून घेतल्या त्या होलसेल दुकानात मला हेच सांगितलं होतं, पिशवीवर तसं छापलेलंही होतं (मायक्रॉन हे पिशवीच्या जाडीचं माप). पाच हजारांची पावती फाटली. त्या दिवसाचा सगळा गल्लाही तेवढा नव्हता.

पैसे गेले त्याचं वाईट वाटलंच. पण त्याहून जास्त लागलं ते हे, की दोन महिने मी नियम पाळतेय असं मनापासून समजत होते. त्यानंतर मी नियम वाचले, दुकानदारांशी हुज्जत घातली, चुकीचे पर्याय विकत घेऊन पुन्हा पैसे घालवले आणि वर्षभरात घडी बसवली. तुमचं ते वर्ष वाचावं म्हणून हे लिहिते आहे. पोळी-भाजी केंद्र, घरगुती डबे, वडापावची गाडी, चहा, घरून केक किंवा उकडीचे मोदक, असं काहीही सुरू करत असाल तर यातलं बहुतेक तुम्हाला लागू पडेल.

आधी एकच सांगते. बंदी म्हटलं की आपण लगेच "मग त्याच्याऐवजी काय घ्यायचं?" असं विचारतो आणि बाजारात धावतो. हा क्रम उलटा आहे. आधी वस्तूची गरज कमी करा. मग धुऊन पुन्हा वापरता येईल असं काही बसतंय का ते बघा. एवढं करून जे उरेल, त्याच्यापुरताच पर्याय विकत घ्या. मी आधी पर्याय घेतले, आणि त्यातले निम्मे स्वतःच बंदीत बसणारे निघाले.

१. दुकानातलं सगळं एकदा जमिनीवर मांडा

सुट्टीच्या दिवशी दुकानात अन्न सोडून जे जे वापरता ते सगळं बाहेर काढा. मी मांडलं तेव्हा एकवीस प्रकार निघाले: तीन मापांच्या कॅरीबॅगा, रश्श्यासाठी पातळ पिशव्या, चटणीच्या छोट्या डब्या, काळे कंटेनर, चमचे, ताकाचे ग्लास, चंदेरी द्रोण, रबरबँड, काय काय.

त्याचे तीन ढीग करा. माल ज्यात येतो ते एका बाजूला: तेलाच्या पिशव्या, डाळीची पोती. स्वयंपाकघरात राहणारं दुसऱ्या बाजूला: बरण्या, पाण्याचे ड्रम, पिठाचे डबे. वर्षानुवर्षं वापरायच्या या वस्तूंना बंदीची झळ नाही. उरला तिसरा ढीग, गिऱ्हाईकाच्या हातात जाणारा आणि तासाभरात कचऱ्यात पडणारा. तुमचं काम त्याच्याशी आहे.

२. दोन नियम आहेत, आणि दोन्ही तुम्हाला लागू आहेत

सगळा घोटाळा इथे होतो, म्हणून हे नीट वाचा.

पहिला नियम राज्याचा. २६ जुलै २००५ च्या महापुरात मुंबईत तुंबलेल्या गटारांमध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्या सापडल्या, आणि त्यानंतर २००६ मध्ये महाराष्ट्राने अविघटनशील कचऱ्यासाठी कायदा केला. त्याच कायद्याखाली २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना निघाली. तीन महिन्यांची मुदत संपल्यावर २३ जूनपासून दंड सुरू झाला. या अधिसूचनेने प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगा बंद केल्या, मग जाडी कितीही असो, धरायला बंद असोत वा नसोत. त्यांच्याबरोबर ताटल्या, वाट्या, चमचे, ग्लास, स्ट्रॉ आणि हॉटेलातलं जेवण बांधून द्यायचे एकदाच वापरायचे डबेही गेले.

दुसरा नियम केंद्राचा. १२ ऑगस्ट २०२१ ला तो आला आणि १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झाला. त्यात वस्तूंची यादीच आहे: प्लॅस्टिकच्या काड्यांचे इअरबड, फुग्याच्या, लॉलीपॉपच्या आणि आइस्क्रीमच्या काड्या, प्लॅस्टिकचे झेंडे, सजावटीचा थर्माकोल, ताटल्या, कप, ग्लास, काटे-चमचे-सुऱ्या, स्ट्रॉ, ट्रे, ढवळण्या, १०० मायक्रॉनपेक्षा पातळ बॅनर, आणि मिठाईच्या खोक्यावर, आमंत्रणपत्रिकेवर, सिगारेटच्या पाकिटावर गुंडाळायची फिल्म. मोदकाच्या किंवा लाडवाच्या खोक्यावर चकचकीत फिल्म ओढून देणाऱ्या घरगुती व्यावसायिकांनी शेवटचं पुन्हा वाचावं. त्यांच्यापैकी अनेकींना ही फिल्म यादीत आहे हेच माहीत नसतं.

केंद्राने कॅरीबॅगांना जाडीची अट घातली: ३० सप्टेंबर २०२१ पासून किमान ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून किमान १२० मायक्रॉन. माझ्या पिशव्यांवरचा "१२०" हा आकडा तिथून आला होता. पण राज्याला केंद्रापेक्षा कडक नियम करता येतो, आणि महाराष्ट्राने तो आधीच केलेला आहे. दुसऱ्या राज्यात चालणारी १२० मायक्रॉनची पिशवी पुण्यात चालत नाही. होलसेलवाला कोणताही आकडा सांगो, तुम्ही एवढंच विचारा: "ही प्लॅस्टिकची कॅरीबॅग आहे का?" उत्तर हो आलं, की विषय संपला.

"मग शेजारच्या दुकानात वेफर्सची पाकिटं कशी चालतात?" हा प्रश्न मला प्रत्येक नवीन माणूस विचारतो. कारखान्यातून बंद होऊन येणारं वेष्टन वेगळ्या नियमात बसतं. ते गोळा करून पुनर्वापराला पाठवायची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे. छोट्या माणसाची पिशवी पहिल्यांदा पकडली जाते आणि पाकिटांचे डोंगर तसेच राहतात, हे मलाही पटत नाही. पण काउंटरवर उभं राहून हा वाद घातल्याने दंड कमी होत नाही. तुम्ही चिवडा-चकली सीलबंद पाकिटातून विकणार असाल, तर तुमचं पाकीटही वेष्टनात मोडतं. त्याच्या जाडीच्या आणि छपाईच्या अटी वेगळ्या आहेत, त्या पाकीट छापायला टाकण्याआधी बघून घ्या.

३. "इको" म्हणून विकल्या जाणाऱ्या पाच फसव्या वस्तू

या पाचही वस्तूंवर माझे पैसे गेले आहेत.

कापडासारखी दिसणारी पिशवी. साडीच्या दुकानात मिळते तशी, रंगीत, मऊ. तिला नॉन-वोव्हन म्हणतात आणि ती पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लॅस्टिकचीच असते. ओळखायची खूण सोपी आहे. कडेचा धागा ओढून बघा. कापड असेल तर धागा निघतो. इथे धागाच नसतो, कड लोकरीसारखी पिंजली जाते, आणि उजेडात धरलं की सारख्या अंतरावर दाबलेले ठिपके दिसतात. राज्याने २०१८ मध्ये ही सरसकट बंद केली होती. २०२२ च्या शेवटी ६० जीएसएमपेक्षा (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) जाड पिशव्यांना सवलत मिळाली, पण बाजारातल्या स्वस्त पिशव्या बहुधा त्याहून पातळ असतात आणि काउंटरवर ते मोजायला आपल्याकडे साधन नसतं. मी त्या वाटेला जात नाही.

कागदी कप. चहावाल्यांसाठी ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. कप कागदाचा असला तरी आत प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर चहा झिरपला असता. एक कप फाडून रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी कागदाचा लगदा चोळून काढला की पारदर्शक पापुद्रा हातात येतो. जुलै २०२२ मध्ये राज्याने प्लॅस्टिकचा थर असलेले कागदी कप, ताटल्या, वाट्याही बंदीत घातले. केंद्राच्या यादीत ते नाहीत, म्हणून विक्रेते बिनधास्त "चालतात" म्हणतात. काचेचे ग्लास आणि धुवायला एक माणूस, हाच चहाच्या धंद्याचा जुना मार्ग आजही सगळ्यात पक्का आहे.

चंदेरी द्रोण आणि पत्रावळी. वरचा चकचकीत थर प्लॅस्टिकचा असतो. हा थर नसलेले द्रोण मागा.

"बायोडिग्रेडेबल" छापलेली पिशवी. या शब्दाला काउंटरवर काहीही किंमत नाही. बघायचा शब्द आहे "कंपोस्टेबल", आणि त्याच्यासोबत उत्पादकाचं नाव, प्रमाणपत्राचा क्रमांक आणि आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक. २०२२ च्या शेवटी राज्याने सिपेट (प्लॅस्टिकची तपासणी करणारी केंद्र सरकारची संस्था) आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून प्रमाणित झालेल्या कंपोस्टेबल ताटल्या, वाट्या, चमच्यांना परवानगी दिली. पण हिरवं पान छापून साधं प्लॅस्टिक विकणारेही भरपूर आहेत. आणखी एक: या मानकाची चाचणी साधारण ५८ अंश तापमानाला, कंपोस्ट प्रकल्पासारख्या परिस्थितीत होते. ती पिशवी गच्चीवरच्या कुंडीत दोन महिन्यांत माती होईल, अशी आशा धरू नका. मी पुरून पाहिली. पावसाळा संपला तरी ती तशीच होती.

वर्तमानपत्राचा कागद. प्लॅस्टिक सोडलं की हात आपोआप रद्दीकडे जातो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनुसार खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात गुंडाळायला मनाई आहे, कारण शाई अन्नाला लागते. गरम वडा, तेलकट भजी, पोळी, कशालाही नको. एका नियमातून सुटताना दुसऱ्यात अडकू नका.

४. गिऱ्हाईकाला डबा आणायची सवय लावा

माझ्या तिसऱ्या ढिगातला जवळजवळ अर्धा भाग याच पायरीने गेला, म्हणून यावर जास्त वेळ द्या.

पहिल्या दिवशी मी पाटी लावली: "कृपया डबा व पिशवी आणावी." कोणी वाचली नाही. मग पाटीवर रक्कम लिहिली: "स्वतःचा डबा आणल्यास २ रुपये कमी." त्याने थोडा फरक पडला. खरा फरक पडला तो तोंडाने सांगितल्यावर. कोणी पैसे देत असताना मी म्हणायला लागले, "काका, उद्या येताना रस्सा भाजीसाठी डबा आणाल का? गरम गरम भरून देते." माणसाला ओळखून, त्याच्या भाजीचं नाव घेऊन सांगितलं की ते लक्षात राहतं. रोजच्या आजी-आजोबांना तर सांगावंही लागलं नाही. त्यांनी बरणी घेऊन दूध आणि किटली घेऊन तेल आणलेलं आहे, एक आजी म्हणाल्या, "अगं, आम्ही आणतच होतो, तुम्हीच पिशव्या द्यायला लागलात."

डबा घेताना पाळायच्या गोष्टी:
- आधी रिकामा डबा काट्यावर ठेवा, वजन शून्य करा, मग भरा. गिऱ्हाईकाच्या डोळ्यांसमोर. नाहीतर वजनावरून शंका येते.
- पळी डब्याच्या काठाला लागू देऊ नका. एकाच्या घरचं दुसऱ्याच्या पातेल्यात जाता कामा नये.
- डबा खरकटा असेल तर न बोलता विसळून पुसून घ्या. "घाण आहे" म्हटलं की ते माणूस पुन्हा डबा आणत नाही.
- कढत आमटी झाकण घट्ट लावून लगेच देऊ नका. वाफेने झाकण उडतं. मिनिटभर थांबा.

ऑफिसमधून परस्पर येणाऱ्यांकडे डबा नसतो. त्यांच्यासाठी मी स्टीलचे चाळीस डबे घेतले आणि १५० रुपये डिपॉझिट ठेवलं. डबा परत, पैसे परत. भांडी घेतानाच डब्यावर दुकानाचं नाव आणि क्रमांक घालून घ्या. भांडीवाले मशीनवर लगेच घालून देतात. कुठला डबा कोणाकडे गेला ते वहीत लिहा. पहिल्या वर्षात माझे सहा डबे परत आले नाहीत, पण त्यांचं डिपॉझिट माझ्याकडे होतं. घरगुती डबे देणाऱ्यांनी तर दोन डब्यांची पद्धत ठेवावी: आज भरलेला द्यायचा, कालचा रिकामा आणायचा.

पिशव्यांचंही तसंच. जुन्या सहावारी साडीतून बंदांसकट साधारण बारा पिशव्या निघतात. शेजारच्या बचत गटातल्या ताईंकडून मी त्या शिवून घेतल्या आणि २० रुपये डिपॉझिटवर देते. फार थोड्या परत येतात. आल्या नाहीत तरी चालतं, कारण शिलाईचा खर्च निघालेला असतो आणि पिशवी कोणाच्या तरी घरी वापरात असते.

५. उरलेल्यापुरते पर्याय

एवढं झालं की खरेदीची यादी फार छोटी होते. माझी अशी आहे:
- पोळ्या: आधी सुती फडक्यात वाफ जिरू द्या, मग कोरा, खाद्यपदार्थांसाठीचा कागद किंवा फॉइल. वाफेसकट बांधलेल्या पोळ्या कशातही बांधल्या तरी ओल्या होतात.
- कोरडी भाजी: फॉइलचा डबा. झाकण घेताना आतला थर बघा.
- उसाच्या चिपाडाच्या वाट्या-ताटल्या, ज्यांना दुकानात बगॅस म्हणतात. रस्सा टिकतो. वर कसलाही थर नाही ना, ते विचारून घ्या.
- कार्यक्रमासाठी सुपारीच्या पानांच्या ताटल्या किंवा पळसाच्या पत्रावळी. पळसाची पत्रावळ पातळ पदार्थांना दोन लागतात, तेवढी जास्त धरा.
- लाकडी चमचे, तेही मागितले तरच. घरी जेवणाऱ्याला चमचा लागत नाही.
- चटणी, ठेचा: केळीच्या पानाचा तुकडा, वर कागद आणि दोरा.

रविवार पेठेत बोहरी आळीत हे बहुतेक सगळं मिळतं. सकाळी लवकर जा, तीन दुकानं फिरा, आणि पहिल्या फेरीत प्रत्येकाचा फक्त नमुना आणा. नमुन्यात गरम आमटी घालून अर्धा तास ठेवा. मी न बघता हजार वाट्या उचलल्या होत्या. त्यांचा तळ वीस मिनिटांत मऊ पडला.

६. जवळ ठेवायची कागदपत्रं

एक फाइल करा, काउंटरच्या खणात ठेवा:
- शॉप अ‍ॅक्टची पावती आणि एफएसएसएआयची नोंदणी
- प्रत्येक पर्यायाचं पक्कं बिल, ज्यावर विक्रेत्याचं नाव, जीएसटी क्रमांक आणि वस्तूचं नेमकं वर्णन असेल. नुसतं "पॅकिंग मटेरियल" लिहिलेलं बिल तुमच्या काही कामाचं नाही
- कंपोस्टेबल वस्तू असेल तर प्रमाणपत्राची प्रत. तिच्यावरचं उत्पादकाचं नाव आणि वस्तूवर छापलेलं नाव एकच हवं. केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावर प्रमाणित उत्पादकांची यादी असते, तिच्यातही नाव शोधा
- प्रत्येक वस्तूचा एक नमुना, बिलाला टाचून

बिल मागितल्यावर "बिल कशाला, दोन रुपये कमी लावतो" असं उत्तर आलं तर माल तिथेच ठेवा. माझ्याकडे त्या १२० मायक्रॉनच्या पिशव्यांचं बिल नव्हतं, म्हणून विक्रेत्याला जाब विचारायला माझ्या हातात काहीच नव्हतं. आता असा माल उघड विकताना कोणी दिसलं तर केंद्रीय मंडळाच्या एसयूपी-सीपीसीबी या अ‍ॅपवर फोटोसह तक्रार करता येते.

७. तपासणी झाली तर

घाबरू नका आणि वस्तू लपवू नका. आलेल्यांचं ओळखपत्र शांतपणे बघायला मागा. फाइल पुढे ठेवा. राज्याच्या नियमात पहिल्या वेळी ५,०००, दुसऱ्या वेळी १०,००० आणि तिसऱ्या वेळी २५,००० रुपये दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. पैसे द्यायची वेळ आली तर पावतीशिवाय देऊ नका, आणि काय जप्त केलं, किती, ते पावतीवर लिहून घ्या. गिऱ्हाईकांसमोर वाद वाढवू नका. हरकत असेल तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात लेखी द्या. दुकानात मदतीला असलेल्या मुलांनाही हे समजावून ठेवा. माझ्याकडच्या मुलाने घाबरून उरलेला गठ्ठा ओट्याखाली ढकलला होता, त्याने माझीच बाजू कमकुवत झाली.

८. जुना साठा काढून टाका

"संपेपर्यंत वापरू" हा मोह सगळ्यांना होतो. नियमात वापर आणि विक्रीबरोबर साठवणूकही आहे, त्यामुळे माळ्यावरचा गठ्ठाही तुम्हाला अडचणीत आणू शकतो. नातेवाइकांना वाटू नका, आणि जाळू तर अजिबात नका.

मी अरण्येश्वरच्या बाजूला राहते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. पाणी उतरल्यावर सकाळी आम्ही बाहेर पडलो तेव्हा कुंपणाच्या जाळीला छातीच्या उंचीपर्यंत पिशव्या अडकलेल्या होत्या. पुढे कितीतरी दिवस आम्ही त्या काढत होतो. न वापरलेल्या गठ्ठ्याचं काय करायचं हा प्रश्न पडला तेव्हा मला ती जाळी आठवली.

पिशव्या कोऱ्या आणि कोरड्या असतानाच सुट्या करा, वेगळ्या गोणीत भरा आणि क्षेत्रीय कार्यालयातल्या आरोग्य निरीक्षकांना विचारून जमा करा. रोजच्या कचऱ्यात येणारं बाकीचं प्लॅस्टिक, तेलाच्या आणि दुधाच्या पिशव्या, विसळून वाळवून तुमच्याकडे येणाऱ्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताईंना वेगळं द्या. खरकटं प्लॅस्टिक त्यांना विकता येत नाही, ते हाताने वेगळं करण्यातच त्यांची सकाळ जाते. तेलाच्या पिशव्या मी कोपरा कापून, तोंड खाली करून तारेवर लावते, संध्याकाळपर्यंत निथळतात. कापलेला तुकडा पूर्ण वेगळा करू नका, पिशवीलाच लटकता ठेवा, कारण नखाएवढे तुकडे कोणी वेचू शकत नाही.